घरं मिळाली, मग आता काय उरलं?

विस्थापितांच्या पुनर्वसनात काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सरकारनं घरं दिली, संस्थांनी भांडीकुंडी दिली, मग तुमचं आणखी काय चालतं तिकडे?" लग्नकार्यात भेटणारे विचारतात, बँकेतले विचारतात, आणि निधी देणारेही जरा वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

नव्या घरात राहणारा माणूस उद्यापासून कमावणार कुठून, हे बघणं आमचं काम. ते घरांच्या किल्ल्या वाटून झाल्यावर सुरू करायचं असा समज आहे, आणि माझा सगळा विरोध त्या समजाला आहे.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत-बाहेर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट छताची, माती, हे सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. या दिवसांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण एक गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. तेव्हा हस्त नक्षत्र लागलं होतं आणि रब्बी ज्वारी पेरायचे दिवस होते. औसा-उमरग्याकडे ही पेरणी चुकली की वर्षाची भाकरी जाते आणि जनावरांचा कडबाही जातो. बैल ढिगाऱ्याखाली, पेरणीची तिफण ढिगाऱ्याखाली, बियाण्याची कणगी ढिगाऱ्याखाली. अशा वेळी ट्रकभर जुने कपडे येतात. खरी गरज असते ती बियाण्याची, भाड्याच्या बैलजोडीची किंवा ट्रॅक्टरची, आणि हातात थोड्या रोख पैशांची. त्यासाठी मुदत जेमतेम दोन-तीन आठवडे. जमिनीतली ओल काही आपल्या मंजुरीसाठी थांबत नाही.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरांचं माप जमीनधारणेवर ठरलं: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला सगळ्यात लहान घर. कागदावर हे रीतसर वाटतं. पण भूमिहीनाची सगळी मिळकत घराच्या अंगणातच असते. तिथंच त्याच्या शेळ्या, तिथंच कुंभाराचं चाक, तिथंच चांभाराची रापी. शेतकऱ्याला निदान शेतात आखाडा, म्हणजे गुरांसाठी आडोसा, करता येतो. नवी गावं आखीव झाली, रस्ते रुंद झाले, गावठाण जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. भावकी वेगवेगळ्या ओळींत गेली. म्हातारीकडे लेकरू ठेवून खुरपायला जाणारी सून आता लेकरू ठेवणार कुणाकडे? तिचा रोज बुडाला तो घराच्या आखणीमुळे, आणि हे कुठल्याही अहवालात सापडायचं नाही.

"घर बेस हाय ताई, पण बैल कुठं बांधावं?" हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर ऐकलंय की आता कुठलाही वसाहतीचा नकाशा हातात आला की आधी गोठा शोधते. बहुतेक वेळा तो नसतो. मग लोक स्वतःच घरापुढं पत्रे ठोकतात आणि पाहुणे म्हणतात, बघा, एवढी छान वसाहत विद्रूप केली. ते पत्रे म्हणजे त्या घराची मिळकत आहे, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं.

शेळ्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण उपजीविकेचा प्रकल्प म्हटलं की शेळी येतेच. या भागाची स्वतःची उस्मानाबादी शेळी आहे. काळी, काटक, उन्हाला न हटणारी आणि बऱ्याचदा जुळी करडं देणारी. तरी निविदा काढून लांबून वेगळ्या जातीच्या शेळ्या आणण्याचा मोह होतो, कारण एका पावतीत शंभर शेळ्या बसतात. त्या शेळ्या प्रवासातच खंगतात. इथल्या आठवडी बाजारात एकाच दिवशी शंभर शेळ्या घ्यायला गेलं तर भाव चढतो आणि ज्यांना प्रकल्पाचा आधार नाही त्यांना शेळी परवडेनाशी होते. म्हणून खरेदी थोडी थोडी करायची, ज्या बाईची शेळी तिनंच पारखून घ्यायची, आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगाची लस टोचून घ्यायची. या तिन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि वेळ लागला की मार्चअखेर खर्च दिसत नाही. प्रकल्प चालवणाऱ्याचं निम्मं आयुष्य हे समजावण्यात जातं आणि ते समजावलंच पाहिजे.

शिलाई मशीनबद्दल मात्र थोडक्यात. एका गावात चाळीस मशीन दिल्या तर चाळीस जणींनी कपडे शिवायचे कुणाचे?

विधवांचा प्रश्न याहून अवघड. नवरा गेला की त्याच्या जमिनीत कायद्यानं बायकोचा आणि मुलांचा वारसा असतो. पण सातबाऱ्यावर वारस नोंद झाल्याशिवाय पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, विहिरीची योजना नाही. मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडचा फेरफार, दिराची कुरबुर. आमच्या माणसानं तिच्याबरोबर तहसीलला घातलेल्या खेपा हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं उपजीविकेचं काम आहे. त्याचा फोटो निघत नाही आणि त्याच्यासाठी निधी मागताना सगळ्यात जास्त झगडावं लागतं.

किल्लारीच्या कामातली सगळ्यात मोठी मिळकत मला विचाराल तर ती बायकांची आहे. जी गावं हलवली नाहीत, तिथं घरं दुरुस्त आणि भक्कम करण्याचा कार्यक्रम होता. त्यात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं हे काम उभं केलं. हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागतं, भिंतीत आरपार दगड का घालायचा, हे या बायका घरोघर सांगत हिंडल्या. ज्यांना ग्रामपंचायतीची पायरी माहीत नव्हती त्या अभियंत्यांशी हुज्जत घालू लागल्या. त्यातून बचत गट झाले, गटांतून धंदे. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कच्छला गेल्या आणि त्सुनामीनंतर तमिळनाडूलाही. भाषा येत नव्हती, पण घर पडल्यावर पुढं काय काय करावं लागतं हे त्यांना कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त ठाऊक होतं.

कच्छमध्ये आणखी एक गोष्ट चांगली झाली. पैसा हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या हातात गेला आणि बहुतेकांनी घर आपल्या जागी आपण बांधून घेतलं. आमच्याकडे हलवलेल्या गावांची बांधणी प्रामुख्यानं ठेकेदारांनी आणि गावं दत्तक घेणाऱ्या संस्थांनी केली. एवढं प्रचंड बांधकाम गावाच्या डोळ्यांदेखत झालं. त्यातली मजुरी आणि गवंडीकामाचं शिक्षण गावातल्याच पोरांना मिळालं असतं, तर पुढची कित्येक वर्षं त्यांच्या हाताला काम राहिलं असतं. पुढं दरडी कोसळून माळीण झालं, तळीये झालं, इरशाळवाडी झाली. प्रत्येक वेळी पहिली बातमी घरांच्या संख्येची येते. इरशाळवाडीच्या ठाकर कुटुंबांना डोंगरातल्या रानभाज्या, लाकूडफाटा आणि डोंगरउतारावरच्या वरकस शेतीतून जे मिळत होतं त्याचं पायथ्याशी हलवल्यावर काय झालं, ही बातमी कोणी करत नाही.

आमचा प्रकल्प जमला की नाही, हे मी कसं ठरवते? वाटलेल्या वस्तू मोजून नाही. दोन वर्षांनी जाऊन विचारते, यंदा दिवाळीनंतर ऊसतोडीला कोण गेलं? सावकाराचं किती उरलंय? शेळी विकली ती आजारपणात की बोकड मोठा झाला म्हणून? पोरगी शाळेत आहे का? ही उत्तरं गोळा करायला दोन वर्षांनीही माणूस आणि गाडीभाडं लागतं, आणि तोवर निधी देणारा पुढच्या आपत्तीकडे वळलेला असतो.

तुमच्या प्रश्नामागे बहुधा आणखी एक प्रश्न असतो, मदत करायची तर काय करू? पहिल्या महिन्यात रोख पैसे, बियाणं आणि चारा द्या. मग सहा महिन्यांनी, सगळे निघून गेल्यावर, पुन्हा फोन करा. तेव्हा आम्हाला तहसीलच्या खेपांसाठी, लसीसाठी आणि गोठ्याच्या पत्र्यांसाठी पैसे लागतात, आणि तेव्हाच कोणी विचारत नाही.