सोन मी येथे: स्वतःच्याच सैन्याला आडवे गेलेले तिघे

व्हिएतनाममधील क्वांग न्गाई शहरातून टॅक्सीने निघाले की दोन्ही बाजूंना भातखाचरे लागतात आणि सुमारे बारा किलोमीटरवर सोन मी गावाचे स्मारक येते. जग या जागेला ‘माय लाय’ म्हणून ओळखते. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन लष्कराच्या चार्ली कंपनीने येथे निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. वस्तुसंग्रहालयातील काळ्या संगमरवरी फलकावर ५०४ मृतांची नावे वयासह कोरलेली आहेत. ती वाचताना तान्ह्या मुलांच्या वयाशी नजर अडखळते आणि पुढची ओळ वाचवत नाही.

आवारात जळालेल्या घरांची जोती राखून ठेवली आहेत. त्यांच्यामधून जाणाऱ्या सिमेंटच्या वाटांवर लष्करी बुटांचे, अनवाणी पावलांचे आणि सायकलच्या चाकांचे ठसे मुद्दाम उमटवले आहेत. वाकून पाहिले तर बुटांच्या तळाची नक्षी आणि अनवाणी पायांची बोटे वेगवेगळी ओळखता येतात. त्या वाटेवर पाय टाकायला मन धजत नव्हते.

मी येथे आलो तो मुख्यतः ह्यू थॉम्पसन या वैमानिकासाठी. त्या सकाळी २४ वर्षांचे थॉम्पसन टेहळणीचे छोटे हेलिकॉप्टर चालवत होते आणि त्यांच्यासोबत ग्लेन अँड्रिओटा आणि अवघे १८ वर्षांचे लॅरी कोलबर्न होते. खालून गोळीबार होत नव्हता, शत्रू दिसत नव्हता, तरी जागोजागी प्रेते पडली होती. जखमींना मदत मिळावी म्हणून थॉम्पसन यांनी हिरव्या धुराने त्यांच्या जागा दाखवल्या. परतून पाहिले तर तेही मारले गेले होते. थोड्या वेळाने काही सैनिक एका भुयारी आडोशाकडे जाताना दिसले. आत बायका, मुले आणि वृद्ध होते. थॉम्पसन यांनी सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध हेलिकॉप्टर उतरवले, आपल्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर मशीनगन चालवण्यास सहकाऱ्यांना सांगितले आणि आडोशातील माणसांना बाहेर बोलावण्यासाठी ते स्वतः पुढे गेले. मग त्यांनी सोबतची मोठी हेलिकॉप्टरे खाली बोलावून त्या सर्वांना सुरक्षित जागी हलवले. पुढे प्रेतांनी भरलेल्या पाटात हालचाल दिसताच अँड्रिओटा आत उतरले आणि त्यांनी एका जिवंत मुलाला बाहेर काढले. तो पाट आजही स्मारकात आहे. शत्रूसमोर छाती काढून उभे राहण्यापेक्षा आपल्याच माणसांच्या बंदुकांसमोर उभे राहणे अधिक अवघड असावे, असे मला त्याच्या काठावर फार तीव्रतेने वाटले.

तळावर परतताच थॉम्पसन यांनी वरिष्ठांना सारे संतापाने सांगितले आणि कारवाई थांबवण्याचा आदेश निघाला. अँड्रिओटा मात्र तीनच आठवड्यांनी लढाईत मारले गेले. लष्कराने थॉम्पसन यांना एक शौर्यपदक दिले, पण मानपत्रात मुलाला ‘भीषण गोळीबारातून’ वाचवल्याची खोटी हकिगत होती. त्यांनी ते फेकून दिले. प्रकरण उघडकीस आल्यावर संसद सदस्य मेंडेल रिव्हर्स यांनी शिक्षा व्हायचीच तर ती थॉम्पसन यांना व्हावी, अशी भूमिका घेतली. थॉम्पसन यांना धमक्या येत, दारात मेलेली जनावरे टाकली जात. कत्तलीबद्दल दोषी ठरलेल्या एकमेव अधिकाऱ्याची, विल्यम कॅली याची, जन्मठेप मात्र साडेतीन वर्षांच्या नजरकैदेवर निभावली. हे वाचून आजही राग येतो.

अखेर ६ मार्च १९९८ रोजी तिघांना ‘सोल्जर्स मेडल’ देण्यात आले, अँड्रिओटा यांना मरणोत्तर. शत्रूशी प्रत्यक्ष लढाई नसताना दाखवलेल्या शौर्याचे हे पदक लष्कराला गाजावाजा न करता द्यायचे होते. थॉम्पसन यांनी ते तिघांनाही आणि वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारकापाशी जाहीरपणे द्यावे असा आग्रह धरला. त्याच महिन्यात ते आणि कोलबर्न सोन मी येथे आले. त्या दिवशी वाचलेल्या एका बाईने थॉम्पसन यांना विचारले की, ज्यांनी हे केले ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? ते आले असते, तर आम्ही त्यांना क्षमा केली असती, असेही ती म्हणाली. इतक्या मोठ्या मनाने बोलणाऱ्या त्या बाईसमोर आपण खचून गेलो, असे थॉम्पसन यांनी पुढे सांगितले.