जुने मोटरहोम घेताना डीलरला जास्त पैसे कशासाठी द्यायचे?

इंग्लंडमध्ये वापरलेले मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे घर, एक तर थेट मालकाकडून घेता येते किंवा डीलरच्या आवारातून. तेच मॉडेल, तेच वर्ष आणि जवळपास तेवढेच धावलेले वाहन डीलरकडे काही हजार पौंडांनी महाग असते. हा फरक पाहिल्यावर आपल्याकडच्या कोणत्याही घरात पहिला प्रश्न "मध्यस्थाला एवढे पैसे कशाला?" हाच निघतो, आणि आमच्याही घरात तोच निघाला. बराच विचार करून आम्ही डीलरकडूनच घेतले. त्यामागचे कारण येथे सविस्तर लिहिते, कारण ब्रिटनमधल्या मराठी मंडळींमध्ये मोटरहोमची हौस वाढते आहे आणि हे वाहन घराखालोखाल मोठ्या खर्चाचे ठरू शकते.

माझे मत असे आहे की डीलरला दिलेल्या जास्तीच्या पैशांत अधिक चांगली गाडी मिळतेच असे नाही; मिळतो तो नंतर दोष निघाल्यास जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क. खासगी मालकाकडून घेतलेले वाहन त्याने केलेल्या वर्णनाशी जुळले पाहिजे आणि ते विकण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे, याहून फारशी अपेक्षा कायदा त्याच्याकडून करत नाही. व्यापाऱ्याला मात्र 2015 चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. त्यानुसार वाहन समाधानकारक दर्जाचे, वापरायला योग्य आणि सांगितल्याप्रमाणे असले पाहिजे, अर्थात त्याचे वय आणि किंमत लक्षात घेऊन. ताबा मिळाल्यापासून पहिल्या 30 दिवसांत गंभीर दोष सिद्ध करता आला तर वाहन परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते आणि ती फसली तर किंमत कमी करून घेता येते किंवा वाहन परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी डीलरवर येते. मात्र 30 दिवसांत थेट परत करायचे असेल तेव्हा पुरावा आपणच द्यायचा असतो, म्हणून स्वतंत्र तंत्रज्ञाचा लेखी अहवाल फार मोलाचा ठरतो. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे खरेदीपूर्वी जो दोष तुम्हाला स्पष्टपणे दाखवून दिला होता, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. विक्रीच्या कागदावर "मागच्या कोपऱ्यात थोडी ओल" असे लिहिलेले असेल, तर ते वाक्य डीलरने स्वतःच्या बचावासाठी लिहिले आहे असे समजून त्याप्रमाणे किंमत ठरवावी.

हा हक्क डीलरच्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाला लागू असतो, असे मात्र नाही. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी, ज्याचे नाव मी येथे देत नाही, एक अतिशय नीटनेटके वाहन होते. विक्री करणारा गृहस्थही सौजन्याने बोलत होता. ऑर्डरचा कागद हातात आल्यावर खालच्या बारीक अक्षरांतल्या मजकुरात वाहन "मालकाच्या वतीने" विकले जात असल्याचे दिसले. म्हणजे डीलर केवळ दलाली घेणार होता आणि आमचा करार होणार होता तो कधीही न पाहिलेल्या खासगी माणसाशी. किंमत डीलरची आणि संरक्षण खासगी सौद्याचे, अशी ती स्थिती होती. ही पद्धत बेकायदेशीर नाही आणि योग्य किंमत असेल तर त्यात गैरही काही नाही, परंतु ग्राहकाला ती आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणून गाडीचे दार उघडण्यापूर्वीच "पावतीवर विक्रेता म्हणून कोणाचे नाव येणार?" हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ईमेलवर मागावे.

पैसे कसे द्यायचे, यालाही तितकेच महत्त्व आहे. 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 नुसार, 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूसाठी रकमेचा काही भाग जरी क्रेडिट कार्डने दिला असेल, तरी व्यवहार फसल्यास विक्रेत्याबरोबर कार्ड देणारी बँकही संपूर्ण रकमेला जबाबदार असते. त्यामुळे वाहनाची किंमत या मर्यादेत बसत असेल तर इसाराची रक्कम क्रेडिट कार्डनेच द्यावी. डेबिट कार्डाला किंवा बँकेतून पाठवलेल्या पैशांना हे कलम लागू होत नाही. डीलरचा धंदाच बुडाला तर ग्राहक हक्क कायद्याचा उपयोग फारसा राहत नाही. त्या वेळी हीच तरतूद कामी येते.

आता प्रत्यक्ष वाहनाकडे वळते. जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू ओल आहे. इंजिन दुरुस्त होते, बदलताही येते, पण कुजलेली भिंत दुरुस्त करण्याचा खर्च अनेकदा सौद्याचेच गणित मोडून टाकतो. पारंपरिक पद्धतीने बांधलेल्या मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा, आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये थर्मोकोलसारखा उष्णतारोधक थर आणि सर्वांत आत प्लायवूड. हे सगळे सांधे सीलंटने बंद केलेले असतात आणि ते सीलंट वर्षानुवर्षे ऊन-थंडी खाऊन कडक होते. मग छतावरच्या खिडकीच्या कडेने, बाजूला उघडणाऱ्या कापडी छताच्या, म्हणजे छत्रीच्या, पट्टीच्या स्क्रूंमधून किंवा मागच्या दिव्यांच्या भोवतीने पाणी शिरते, लाकडी पट्टीच्या आधाराने वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होते. म्हणून पाण्याची खूण दिसली तिथेच गळती आहे असे मानू नये.

पाहायला जाताना शक्यतो दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यानंतर जावे. आत शिरल्याबरोबर वास घ्यावा. भरपूर सुगंधी फवारा मारलेला असेल तर अधिक सावध व्हावे. मागच्या सोफ्याच्या गाद्या उचलाव्यात, कपाटांचे वरचे कोपरे हाताने चाचपावेत आणि न्हाणीच्या दारापाशी टाच रोवून उभे राहावे. आम्ही शेवटी नाकारलेल्या एका वाहनात नेमक्या याच जागी जमीन टाचेखाली किंचित दबत होती, आणि न्हाणीच्या तळाच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर होती; डोळ्यांना काही दिसत नव्हते, पायाला मात्र कळत होते. ओल मोजण्याच्या यंत्राचे साधारण गणित असे की 15 टक्क्यांपर्यंतचा आकडा चिंतेचा नसतो, 20 टक्क्यांच्या वर गेल्यास तपास करावा लागतो आणि 30 टक्क्यांच्या वर आतले लाकूड खराब झाल्याची शक्यता मोठी असते. डीलरने केलेल्या 'हॅबिटेशन' तपासणीच्या, म्हणजे राहण्याच्या भागाच्या तपासणीच्या, अहवालात गाडीचा नकाशा काढून हे आकडे जागोजागी लिहिलेले असतात. तो कागद पाहायला मागावा, आणि केवळ शेवटचा अहवाल न पाहता मागच्या वर्षांचेही अहवाल शेजारी ठेवून एकाच कोपऱ्यातला आकडा वाढत गेला आहे का, हे तपासावे. एखादा विक्रेता हे केवळ स्वयंपाकाच्या वाफेचे पाणी आहे असे सांगतो, आणि आपण कुकर लावणारी माणसे असल्याने ते आपल्याला लगेच पटतेही. वाफेचे पाणी खिडक्यांच्या रबरावर आणि थंड पृष्ठभागांवर सर्वत्र साचते. एकाच जागी सतत वरचा आकडा येत असेल तर ती बहुतेक वेळा गळतीच असते.

स्टीलच्या व्हॅनचेच आतून घर केलेले असेल तर सांधे कमी असल्याने ओलीची भीती पुष्कळ कमी होते. तिथे खिडक्यांसाठी पत्रा कापलेल्या कडांना गंज चढला आहे का, ते पाहावे. ज्यांना मोठी जागा नको आहे त्यांना मी हाच प्रकार सुचवेन.

वजनाचा विषय तर आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1997 पूर्वी गाडीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना 7,500 किलोपर्यंतचे वाहन चालवण्याची मुभा आपोआप मिळालेली असते. त्यानंतर परवाना काढलेल्यांना, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, साध्या परवान्यावर डिझेलचे मोटरहोम 3,500 किलोपर्यंतचेच चालवता येते. भारतीय परवान्यावर येथे राहायला आल्यापासून 12 महिनेच गाडी चालवता येते आणि तो बदलून मिळत नाही, त्यामुळे नव्याने परीक्षा द्यावीच लागते. जाहिरातीत "3,500 किलो" वाचून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण ती कमाल मर्यादा असते. प्रश्न आहे तो त्यात आपले सामान किती मावते हा. समजा, तयार स्थितीतील वजन 3,150 किलो आहे. त्यात चालकाचे 75 किलो आणि इंधन धरलेले असते, म्हणजे 350 किलो उरले. त्यातून नवरा, दोन मुले आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे वजा करा. मग पूर्वीच्या मालकाने बसवलेली छत्री, सौर पॅनेल आणि जास्तीची बॅटरी वजा करा. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो आणखी गेले. पिठाचे डबे, कुकर आणि अंथरुणे ठेवण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली जाते. बॉनेटखालच्या पट्टीवर वजनाचे आकडे असतात: पहिला वाहनाची कमाल मर्यादा, दुसरा मागे जोडलेल्या ट्रेलरसह एकूण मर्यादा, आणि पुढचे दोन पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या मर्यादा. मागे लांबलचक सामानाची कोठी असलेल्या गाड्यांत एकूण वजन मर्यादेत राहूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड होऊ शकतो. आम्ही डीलरला वजनकाट्याची पावती मागितली आणि त्याने ती आणून दिली. जो डीलर हे करायला तयार होत नाही, त्याच्याकडे मी तरी पैसे अडकवणार नाही.

याच हिशेबात आसनेही येतात. "सहा जणांची झोपण्याची सोय" याचा अर्थ सहा जणांना पट्टा लावून प्रवास करता येतो असा होत नाही. चार झोपण्याच्या जागा आणि दोनच पट्टे असलेली वाहनेही पुष्कळ आहेत. आडव्या सोफ्यावर ज्येष्ठांना बसवून प्रवास करण्याचा विचार सुद्धा करू नये.

यांत्रिक बाजू तुलनेने सोपी आहे. बहुतेक मोटरहोम फियाट डुकाटोच्या किंवा तिच्या भावंडांच्या, म्हणजे प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन रिलेच्या चासीवर असतात, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक सहज मिळतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागावी, कारण ही वाहने कमी धावतात आणि बेल्ट मात्र वयानेही थकतो. टायरच्या कडेवर शेवटचे चार अंक वाचावेत: 2317 असे असेल तर तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे, मग त्याची नक्षी कितीही नवी दिसो. एमओटीचा, म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे पाहणाऱ्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो, मात्र त्या तपासणीत राहण्याच्या भागातला गॅस किंवा ओल पाहिली जात नाही. थकलेले कर्ज, चोरीची नोंद आणि अपघातात बाद ठरल्याची नोंद यांची सशुल्क तपासणी स्वतः करावी. नोंदणीच्या पुस्तकात नाव असलेला माणूस मालक असतोच असे नाही, हे त्या पुस्तकावरच लिहिलेले असते. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी डिझेल इंजिन युरो 6 या प्रदूषणाच्या निकषाचे आहे ना, हेही पाहावे. 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये, या निकषात न बसणारे 3,500 किलोपर्यंतचे डिझेल मोटरहोम चालवल्यास दिवसाला 12.50 पौंड द्यावे लागतात.

ताबा घेण्याच्या दिवशी घाई करू नये. फ्रिज विजेवर, गॅसवर आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर, अशा तिन्ही प्रकारे चालतो का, हे पाहायला काही तास लागतात. म्हणून आदल्या दिवशीच तो चालू करून ठेवायला सांगावे. हीटर, गरम पाणी, पंप, प्रत्येक नळ आणि प्रत्येक खिडकी स्वतः चालवून पाहावी. निळ्या सिलिंडरमधला ब्यूटेन वायू शून्य अंशाच्या आसपास बाहेर येईनासा होतो आणि लाल सिलिंडरमधला प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही चालतो, एवढे हिवाळ्यासाठी ध्यानात ठेवावे. डीलर देतो त्या वॉरंटीत गळतीचा समावेश आहे का, ते वाचावे, पुष्कळदा नसतो. वॉरंटी कायद्याच्या हक्कांना पर्याय नाही, ती त्यांना दिलेली जास्तीची जोड आहे, हे डीलरच्या कर्मचाऱ्यांना कधी कधी आठवण करून द्यावे लागते.

पहिली सहल 30 दिवसांच्या आत, थंडीत आणि डीलरपासून फार दूर नसलेल्या जागी करावी, आणि तीत सर्व यंत्रणा मुद्दाम वापराव्यात. आम्ही तसे केले तेव्हा आवारात व्यवस्थित पेटलेला फ्रिज रात्री गॅसवर वारंवार विझू लागला. मी ज्योतीची खूण दाखवणाऱ्या सुईचा व्हिडिओ काढला आणि सकाळीच डीलरला ईमेल केला. फोन केला तोही त्यानंतर, कारण तारीख आणि वेळ लेखी राहणे मला आवश्यक वाटले. ईमेलमध्ये कायद्याचे नाव घेतले, पण भाषा सौम्य ठेवली. पुढच्या आठवड्यात त्यांनी वाहन आत घेतले, ज्योत विझल्यास गॅस बंद करणारे थर्मोकपल बदलले, बर्नर स्वच्छ केला आणि एक पैसाही घेतला नाही. दुरुस्तीच्या कागदावर दोष काय होता आणि काय बदलले हे लिहून त्यावर सही घेतली, आणि तो कागद आता खरेदीच्या पावतीसोबत फाइलमध्ये लावला आहे.