तोकामाची आणि अर्धवट बसलेला शिक्का

जपानमध्ये गाडी चालवायची असेल, तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. फोटोच्या पानावर ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं असतात. आपल्या कारचं अक्षर बी. त्याच्यासमोरचा शिक्का स्वच्छ, पूर्ण आणि फक्त बीसमोरच उमटलेला हवा. बाकीच्या गोष्टी जमून जातात.

माझ्या पुस्तिकेवर शिक्का बी आणि सीच्या मधोमध बसला होता, तोही पुसट. मी तिथल्या तिथे खिडकीत सांगितलं, "साहेब, हा परत मारून द्या ना." मान वर न करता उत्तर आलं, "चालतं हो मॅडम, तिकडं कोण बघतंय!" पुढचा माणूस तोवर कोपराने मला बाजूला सारत होता. ऑनलाइन अर्ज, हजार रुपये फी, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, सगळं चोख देऊनही हातात पडलं ते असं.

तिकडं बघतात. तेच सांगायला बसले आहे.

आधी जायचं कशाला ते सांगते. बाबा डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. जिव्या सोमा म्हसे जपानच्या कुठल्याशा डोंगरात राहून वारली चित्रं काढून आलेत, हे त्यांनी तेव्हापासून ऐकलेलं. तो डोंगर म्हणजे निगाता प्रांतातलं तोकामाची. तिथे बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला म्युझियम सुरू केलं. गंगा देवींसारख्या मधुबनीच्या कलावंत तिथे राहून काम करून गेल्या, आपले म्हसेही. क्योतो-ओसाका केलेल्या कुणालाही विचारा, तोकामाचीचं नाव ऐकलेलं नसतं. बाबांना मात्र क्योतोत काडीचा रस नव्हता.

व्हिसा, विमान, तोक्योतले दिवस यात लिहिण्यासारखं काही नाही. तोक्योहून जोएत्सू शिनकानसेन या बुलेट ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास एचिगो-युझावा येतं. तिथून होकुहोकू नावाची छोटी रेल्वे तोकामाचीला जाते. पण म्युझियम, भाताच्या पायऱ्या, दरी आणि शेताशेतांत मांडलेली शिल्पं डोंगरभर विखुरलेली आहेत आणि बस मोजक्या. म्हणून युझावालाच गाडी भाड्याने घ्यायची असं ठरवलं. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे मला धास्ती नव्हती.

काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. त्याने दोन्ही हातांनी पुस्तिका घेतली, कव्हर वाचलं. जपानला १९४९ च्या जिनीव्हा कराराचा परवाना लागतो आणि आपला तोच असतो, त्यामुळे तिथे अडलं नाही. मग त्याने ड्रॉवरमधून प्लास्टिक चढवलेला एक कागद काढला. त्यावर वेगवेगळ्या देशांचे परवाने छापलेले. तो ओळीवर बोट ठेवून एकेक गोष्ट ताडून बघू लागला. फोटो, नाव, तारीख. बोट बीवर आलं आणि थांबलं. पुस्तिका उजेडाकडे नेली, तिरकी केली, परत सरळ केली.

"शोशो ओमाची कुदासाइ." जरा थांबा. हे वाक्य त्या दिवशी इतक्यांदा ऐकलं की बाबाही म्हणायला लागले.

त्याने वरिष्ठांना बोलावलं. ते आले, वाकले, भिंग घेऊन बघितलं. भाषांतराच्या ॲपवर मला विचारण्यात आलं की तुम्ही ३,५०० किलोंपेक्षा जड मालवाहू वाहन चालवता का, कारण सीचा अर्थ तोच. बाबा म्हणाले, "हो म्हण. ट्रक देत असतील तर घेऊ." मग पानाचा फोटो मुख्य कार्यालयाला गेला. तिकडून फोन आला. पुन्हा फोटो, या वेळी मोठा करून. पुन्हा फोन. कुणी आवाज चढवला नाही, कुणी खुर्चीला टेकून बसलं नाही, कुणी चहाला गेलं नाही. आणि काम तसूभर पुढे सरकत नव्हतं. आपल्याकडे निदान भांडता तरी येतं! इथे समोरचा तुमच्यापेक्षा जास्त शरमिंदा होऊन उभा. त्याच्याशी भांडणार काय?

मी ॲपवर लिहिलं की शिक्का अर्धा तरी बीवर आहे. मुलाने वाचलं, मान हलवली, आणि नम्रपणे लिहून दाखवलं की अर्धा सीवरही आहे. बरोबरच होतं त्याचं. माझा राग त्याच्यावर नव्हताच. तो हजारो मैल मागे, त्या खिडकीतल्या शाईच्या पॅडवर होता.

बाबा बाकावर शांत. डब्यातल्या दशम्या संपवत म्हणाले, "अगं, आपल्याकडं शिक्का मारायला दोन मिनिटं, इथं तो वाचायला दोन तास. हिशेब कुठं तरी पुरा व्हायचाच."

सुटका झाली ती मूळ लायसन्समुळे. प्लास्टिकचं स्मार्ट कार्ड मी सोबत नेलं होतं आणि त्यावर एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, असं छापलेलं आहे. मुख्य कार्यालयाने त्याचा फोटो मागवला, एलएमव्हीचा अर्थ शोधला आणि होकार दिला. तेव्हा मूळ लायसन्स घरी ठेवून जाऊ नका. नुसत्या पुस्तिकेवर माझं काही खरं नव्हतं. मुलगा गाडीपर्यंत आला आणि आम्ही वळेपर्यंत वाकून उभा होता. ऑक्टोबरात तिकडे पाचच्या सुमारास अंधारतं. म्युझियम त्या दिवशी बुडालंच.

म्हणून पहिला दिवस जेवणाचा झाला. हेगी सोबा खायलाच हवा. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, हेगी म्हणजे लाकडी तबक. त्यात गव्हाळ-करड्या शेवयांच्या घासाएवढ्या गुंडाळ्या ओळीने मांडतात. पीठ बांधायला फुनोरी हे समुद्री शेवाळ वापरतात. हे किमोनो विणणाऱ्यांचं गाव, आणि सुताला खळ द्यायला फुनोरी घरोघर असायचंच, तेच पिठात गेलं. शेवया त्यामुळे गुळगुळीत आणि चिवट लागतात. शाकाहारी असाल तर सोबतच्या रसात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतोच, तो बाजूला ठेवायला सांगा. बाबांनी नुसत्या सोया सॉस आणि मोहरीशी खाल्ला. भात मात्र निश्चिंत खा. कोशिहिकारी जातीचा तांदूळ इथला. बाबा कोरडा भात कधी खात नाहीत, तिथे दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी म्युझियम. आधी फोन करून जा, आडवाटेला आहे. जोडे बाहेर काढायचे, आत लाकडी फरशी, शाळेचा वास अजून जात नाही असं बाबांचं मत. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा, भेटकार्डावर बघतो तशा नव्हेत; भिंत व्यापणाऱ्या. बाबांनी चष्मा काढला आणि नाक टेकेल इतक्या जवळ गेले. एकेक माणूस म्हणजे दोन त्रिकोण, पण प्रत्येकाची कंबर वेगळी वाकलेली. ते तासभर काही बोलले नाहीत, हे आमच्या घरात नवलच.

या भागात २००० सालापासून दर तीन वर्षांनी एचिगो-त्सुमारी कला महोत्सव भरतो. तरुण शहरात गेले, घरं आणि शाळा ओस पडल्या, तेव्हा फ्राम कितागावा यांनी कलावंतांना गावात आणलं. महोत्सव नसतानाही बरंच काही जागेवर असतं. मात्सुदाईला काबाकोव्ह दांपत्याचं काम बघाच: समोरच्या उतारावर शेतकऱ्यांच्या निळ्या-पिवळ्या आकृत्या, आणि सज्जात टांगलेली अक्षरं. ठरल्या जागी उभं राहिलं की अक्षरं बरोबर शेतावर जाऊन बसतात. मंगळवार-बुधवारी बऱ्याच जागा बंद, तेव्हा वार बघून जा.

कियोत्सू दरीत ७५० मीटरचा बोगदा आहे. दरड कोसळून माणूस दगावल्यावर नदीकाठची वाट बंद झाली, म्हणून १९९६ साली तो केला. २०१८ मध्ये बीजिंगच्या मॅड आर्किटेक्ट्सनी त्याचं रूप पालटलं. शेवटी पायाखाली पाण्याचा पातळ थर आणि समोर दरी. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर इथले खडकाचे खांब ओळखीचे वाटतील. गर्दी मात्र फोटोवाल्यांची. मला होशितोगेच्या भाताच्या पायऱ्या जास्त आवडल्या. कापणी झालेली, तरी.

राहिलेलं: रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवावी लागते, तो कायदा आहे. गाडी परत देताना टाकी भरून द्यायची. पंपावर 'रेग्युलर, मानतान' म्हटलं की झालं. गाडीच्या नकाशात ठिकाणाचा फोन नंबर टाकला तरी रस्ता दाखवतो. आणि हिवाळ्यात गाडीचा हट्ट नको. तिथे दोन-दोन मीटर बर्फ साचतो, डोंगरातले रस्ते बंद होतात. तेव्हा रोख येन जवळ ठेवून होकुहोकूने जा, म्हणजे परवाना, शिक्का, भिंग यांतलं काहीच लागत नाही.