नेक उघडून दाखवणारं दुकान : आमची वाटचाल

गिरगावातलं आमचं दुकान आज जुन्या बेस गिटार दुरुस्त करतं आणि विकतं, पण ते मुळात पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं. वडील पेट्या दुरुस्त करायचे. पालिताण्याच्या सुरांवर कानस कशी फिरवायची, भात्याला चामडं कसं लावायचं, हे सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खालचे सूर देणारी गिटार, आमच्याकडे आली ती शेजारामुळे. धोबीतलाव चालत जाण्याइतकं जवळ, आणि तिथे गोवेकरांचे कूड. बोटीवर नोकरी करणारी माणसं एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत तिथे राहायची. त्यांतले काही बोटीवरच्या बँडमध्ये वाजवणारे होते. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे आयात परवाना आणि जबर कस्टम. ऑर्केस्ट्रातली मुलं गिवसन-गिबटोन या देशी गिटारींवरच हात बसवायची. खरी अमेरिकन फेंडर, खरी जर्मन हॉफनर या शहरात उतरली ती या बोटीवाल्यांच्या सामानातून, आणि मग स्टुडिओतल्या वादकांकडे हातोहात फिरली. पुढे बेस कीबोर्डवरच वाजायला लागला, रेकॉर्डिंगची कामं आटली, आणि ही वाद्यं कॉटखाली गेली. तिथून ती आमच्याकडे यायला लागली.

सुरुवातीला फक्त दुरुस्तीला यायची. पहिली आली ती प्रिसिजन. फेंडरने १९५१ साली बाजारात आणलेलं हे मॉडेल. आज जगात बेस गिटार म्हणून जे काही वाजतं, त्याचं मूळ तिथे आहे. पावसाळ्यात नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, वाकली होती. नेकचा बाक सावरणारी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तिच्या आत असते; जुन्या प्रिसिजनमध्ये तिचा नट नेकच्या टाचेकडे असतो, म्हणजे नेक बॉडीपासून सोडवल्याशिवाय तो फिरवता येत नाही. फिरवायचा तोही पाव आट्याने, आणि तारा चढवून रात्रभर थांबायचं. घाईवाल्याचं हे काम नाही. पेटीवाल्याच्या हाताला ते बरोबर जमलं.

हत्यारं आजही तीच आहेत. फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ठेवायची स्टीलची सरळपट्टी, फट मोजायचा फीलर गेज, वडिलांची बारीक कानस, डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न, आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. हा आरसा सर्वांत महत्त्वाचा. नॉब बसवलेल्या कंट्रोल प्लेटखाली, वाकड्या जागी, पॉट असतो, म्हणजे नॉब फिरवला की आवाज कमीजास्त करणारा भाग; त्याच्यावरचा नंबर त्यातच दिसतो.

त्या नंबराची गोष्ट सांगतो, कारण आमचं दुकान त्याच्यावर वाचलं.

आमचे एक अंकल होते. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. तरुणपणी बोटीवर बेस वाजवला, नंतर इथे स्टुडिओत. बाजारात मोठमोठी दुकानं असताना तारांचा सेट ते आमच्याकडूनच न्यायचे, आणि कुठल्या घरात कुठलं वाद्य पडून आहे हेही तेच सांगायचे. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आपला जॅझ बेस, हे फेंडरचंच दुसरं मॉडेल, विकायला आमच्याकडे दिला. अ‍ॅशची बॉडी, नॅचरल रंग, मेपलची नेक, त्यावर चौकोनी ठोकळ्यांची नक्षी, नेक बॉडीला जोडणारी तीन बोल्टांची प्लेट. बोट परदेशी बंदरात असताना त्यांनी नवा घेतलेला. मी त्यांना निम्मी रक्कम आधीच दिली, पतपेढीतून कर्ज काढून. पुण्याच्या एका मुलाने विसार दिला.

त्याच सुमारास जवळच एक मोठं, चकाचक शोरूम आलं होतं. त्या मालकाने त्या मुलाला सांगितलं, नेकच्या प्लेटवर कंपनीचा सिरियल नंबर नाही, म्हणजे गिटार वेगवेगळे भाग जोडून जुळवलेली आहे, पेटीवाल्याला काय कळतं यातलं. ही गोष्ट बाजारभर झाली. मुलाने विसार परत मागितला, मी दिला. ज्यांनी कमिशनवर वाद्यं ठेवली होती ते एकेक करून येऊन घेऊन गेले. त्यातली काही वाद्यं नंतर त्याच शोरूमच्या भिंतीवर दिसली. पतपेढीचा हप्ता थकला, आणि दुकानाचा गाळा विकायची बोलणी घरात सुरू झाली.

आणि मुद्दा काय होता? फेंडरने १९७६ मध्ये सिरियल नंबर प्लेटवरून काढून हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकावर, नेला. त्यानंतरच्या प्लेटवर नंबर नसायलाच हवा. अंकलांच्या बेसच्या हेडस्टॉकवर 'एस'ने सुरू होणारा नंबर स्वच्छ दिसत होता. ही माहिती जुन्या वाद्यांच्या धंद्यात बसणाऱ्याला पहिल्या दिवशी हवी. त्या माणसाला ती नव्हती असं मी मानत नाही.

मला स्वतःच्या नुकसानापेक्षा जास्त लागलं ते हे, की अंकलांना या वयात खोटं ठरवलं गेलं. ते दुकानात आले, बोटीवरच्या बँडचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उघड पुता, सगळ्यांसमोर उघड." मी त्या मुलाला फोन करून फक्त बघायला ये म्हटलं. तो आला, सोबत दोन वादकही आले. तारा उतरवल्या, बोल्ट काढून नेक बाजूला केली, कंट्रोल प्लेट उचलली. पॉटवर आकडे होते : १३७, पुढे ७७, पुढे आठवडा. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७७ म्हणजे साल. डागाचं कथील काळवंडलेलं, मूळचं, कुणी हात न लावलेलं. स्क्रूची भोकं एकेरी, कुठेही बुजवून पुन्हा पाडलेली नाहीत. मुलाने आरसा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. पूर्ण किमतीला बेस घेतला. आज तो कामाचा बेसिस्ट आहे आणि सेटअपला अजून पुण्याहून आमच्याकडेच येतो.

शोरूमवाल्याने कधी शब्द मागे घेतला नाही. समोर भेटतो तेव्हा हसतो. मी हसत नाही.

तेव्हापासून नियम केला, गिऱ्हाइकासमोर उघडल्याशिवाय जुना बेस विकायचा नाही. पॉटचा, नेकच्या टाचेचा आणि पिकअपच्या खोबणीचा फोटो बिलासोबत जातो. त्यानंतर धंदा बरा चालला, मुलगी आता हिशेब बघते.

घेणाऱ्यांना काही सांगतो. पॉटचं साल म्हणजे गिटारचं साल नव्हे. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढंच ते सांगतं. मूळचे पॉट बदलले असतील तर तेही कामाचं नाही. म्हणून कथील, भोकं, नेक सगळं एकत्र बघा. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याआधीच्या वाद्यांचा भाव वेगळाच आहे, त्यामुळे 'प्री-सीबीएस' म्हणणारा भेटला तर आधी नेक उघडायला सांगा. नाही म्हणाला तर निघून या. व्हायोलिनच्या आकाराचं प्रत्येक वाद्य हॉफनर नसतं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा १९७२ मध्ये चोरीला गेलेला हॉफनर सापडल्याची बातमी २०२४ साली आली, त्यानंतर असे फोन फार येतात. आणि सत्तरच्या दशकातल्या जपानी यामाहाला कमी लेखू नका. बीबी मालिकेतला चांगला बेस मी फेंडरच्या शेजारीच टांगतो.

विकणाऱ्यांनाही सांगतो. पावसाळ्यात बेस भिंतीला टेकवून ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. साठच्या दशकातल्या मूळ लॅकरवर त्याने एक हात मारला की निम्मी किंमत गेली. जुनी केस, पट्टा, गंजलेल्या तारा, तुटलेलं नॉब, बोटीवरचा एखादा फोटो, जे असेल ते सगळं घेऊन या. गिटार पुसूनही आणू नका, ते आम्ही करू. दुकान रविवारी बंद असतं, बाकी दिवशी अकरानंतर मी असतोच.