आधी पाणी सोडा, मग कॅमेरा

स्क्रीनवर ड्रेनेजचा पाईप स्वच्छ दिसत होता. आतून गोल, कोरडा, कुठे काही अडकलेलं नाही. कॅमेऱ्याची केबल आत सरकवणारा मुलगा म्हणाला, "ताई, लाईन क्लिअर आहे," आणि केबल परत गुंडाळायला लागला. मी त्याला थांबवलं. आम्ही विकत घ्यायला निघालो होतो ते घर आठ महिने बंद होतं. आठ महिन्यांत ज्या लाईनमधून थेंब गेला नाही, तिच्यात पाणी साचलेलं दिसणार कुठून?

"दहा मिनिटं सगळे नळ सोडू, दोन्ही फ्लश ओढू, आणि परत बघू," मी म्हटलं. त्याने तोंड वाकडं केलं नाही, हे त्याचं मोठेपण.

हा हट्ट मला पहिल्या घराने शिकवला. ते घेताना आम्ही छताची गळती पाहिली, भिंतींची ओल पाहिली, वायरिंग तपासून घेतलं, कागदपत्रं वकिलांकडून दोनदा वाचून घेतली. ड्रेनेजबद्दल मी फक्त एक प्रश्न विचारला होता, "कधी तुंबतं का?" मालक म्हणाले, "कधीच नाही." ते खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. त्या घरात दोघंच राहायची, आणि दोघांच्या पाण्याला अर्धा बुजलेला पाईपसुद्धा पुरतो. आम्ही पाच जण होतो, शिवाय वॉशिंग मशीन. मशीन काही मिनिटांत पुष्कळ पाणी एकदम फेकतं, आणि अशा लोंढ्यानेच लाईनची खरी परीक्षा होते.

सातव्या महिन्यात एका रात्री बाबांच्या न्हाणीघरातल्या जाळीतून मैला वर आला. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खोली तळमजल्यावर. बाहेरची मुख्य लाईन तुंबली की पाणी घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि आमच्या घरातलं सगळ्यात खालचं तोंड नेमकं तेच होतं. पहाटे मी खाली गेले तेव्हा बाबा पाय वर घेऊन पलंगावर बसले होते. खोलीभर घाण पाणी. "तुमची झोप कशाला मोडायची," म्हणाले. पंच्याहत्तरीच्या माणसाने रात्रभर तसं बसून राहावं, याचं मला जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या प्लंबरने मदतनिसाला खोल चेंबरमध्ये उतरायला सांगितलं. तेवढं मी होऊ दिलं नाही, आणि तुम्हीही कधी होऊ देऊ नका. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड सुटतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत त्याचं प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) पुढे गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला, आणि तो तिथेच कोसळतो. अडकलेलं काढायला जोराच्या पाण्याने लाईन धुणारं जेटिंग मशीन असतं, बघायला कॅमेरा असतो. माणूस आत घालायचं काही कारण उरलेलं नाही.

खणल्यावर निघाले स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे जुने पाईप. हे पाईप स्वतः फार टिकाऊ असतात, पण त्यांचे तुकडे आखूड, म्हणून सांधे जास्त. सांध्यातला मसाला सुटला की ओल झिरपते आणि झाडाला ती कळते. केसाएवढी मुळी आत शिरते आणि आत तिचा झुबका होतो. त्यात वाईप्स अडकतात, चरबी थिजते, आणि एक दिवस वाट बंद. बिडाच्या पाईपचं दुखणं वेगळं. तो आतून गंजतो, गंजाच्या गाठी धरतो आणि त्याचा तळ झिजत जातो. पीव्हीसीला गंज नाही, सांधेही कमी, पण खालची माती नीट ठोकलेली नसेल तर तोही खचतो.

या खचण्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण साध्या नजरेला ते दिसत नाही. घरातून बाहेर जाणाऱ्या १०० मिमीच्या लाईनला मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर ढाळ लागतो. तेवढ्या ढाळावर पाणी मैल्याला सोबत घेऊन वाहतं. मधला एखादा भाग दबला की लाईनला झोळ पडतो. त्या झोळात पाणी कायम साचून राहतं, त्याखाली गाळ बसतो, आणि पाईप कुठेही फुटलेला नसताना लाईन पुन्हा पुन्हा तुंबते. बंद घरात हे पाणी वाहतं नसल्याने हळूहळू आटतं, निचरतं. मग कॅमेऱ्याला दिसतो नुसता कोरडा पाईप.

त्या दिवशी नव्या घरात पाणी सोडल्यावर कॅमेरा पुन्हा आत गेला. ९ मीटरपर्यंत सगळं ठीक. तिथे भिंगाच्या निम्म्यापर्यंत पाणी चढलं, मग स्क्रीन पूर्ण गढूळ झाली. साडेअकरा मीटरवर भिंग पुन्हा पाण्याबाहेर आलं. अडीच मीटरचा झोळ! कॅमेरावाला मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं थांबवलंत."

कॅमेऱ्याच्या डोक्यात एक छोटा ट्रान्समीटर असतो. वर जमिनीवर रिसीव्हर फिरवला की बिघाड नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. आमचा झोळ गाडी लावायच्या काँक्रीटखाली निघाला, सव्वा मीटर खोल. ही खूण करून घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. बागेतल्या मातीखालचा झोळ आणि काँक्रीटखालचा झोळ यांच्या दुरुस्तीत फार अंतर आहे. व्हिडिओची फाईलही मागून घ्या, मीटरचा आकडा स्क्रीनवर दिसत असलेली. आणि मालकांना विचारा, लाईन शेवटची कधी साफ केली. गेल्या महिन्यात जेटिंग झालं असेल तर मुळ्या नुकत्याच छाटल्या गेलेल्या असतात, आणि सांध्यांवर त्यांचे बारीक तुरे शोधावे लागतात. तुमची जबाबदारी हद्दीपर्यंत की रस्त्याखालच्या मुख्य लाईनपर्यंत, हे ठिकाणानुसार बदलतं. तेही आधीच विचारून ठेवा.

मालकांच्या कंत्राटदाराने खोदकाम टाळण्यासाठी पाईपला आतून अस्तर लावायचा पर्याय दिला. पद्धत उत्तम आहे. १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड या अभियंत्याने ती पहिल्यांदा वापरली. रेझिनमध्ये भिजवलेलं अस्तर जुन्या पाईपमध्ये घालून घट्ट होऊ देतात. चिरांना आणि मुळ्या शिरणाऱ्या सांध्यांना याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पण अस्तर जुन्या पाईपचाच आकार घेतं. पाईपला झोळ असेल तर अस्तरालाही झोळ येणार. मी हे बोलून दाखवलं तेव्हा कंत्राटदार थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाई बरोबर बोलतायत, खणावंच लागेल."

काँक्रीट फोडून, ३ मीटर लाईन काढून, खाली पाईप बसेल असा नीट ठोकलेला थर करून नवा पाईप टाकला. या सगळ्यात महिना गेला. मालक थोडे नाराज झाले, पण त्यांनी केलं. भरती करण्याआधी आम्ही पुन्हा कॅमेरा बोलावला. या वेळी बाबाही आले होते. खुर्ची टाकून स्क्रीनसमोर बसले. आधी सगळे नळ सोडले, मग केबल आत गेली. नऊ मीटर, दहा, साडेअकरा. पाण्याची पातळ धार तळाला धरून पुढे जात राहिली, कुठे थांबली नाही.

बाबांनी मागे वळून तळमजल्यावरच्या खोलीकडे बघितलं. "पलंग खिडकीशी लावूया," म्हणाले.