आईंचा पाट आणि सहा आसनी गाडी: गोव्यातले चार दिवस

गेलं वर्षभर घरात एकच विषय चालू आहे, मोठी गाडी घ्यायची की नाही. आम्ही डिचोलीला राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं धरून सहा माणसं, आणि दारात वॅगनआर. कुठे देवदर्शनाला निघायचं तर सोबत एक टॅक्सी सांगावी लागते, नाहीतर दोघं घरी थांबतात. जानेवारीत धाकटे दीर आठवडाभर परगावी जाणार होते. त्यांची सहा आसनी डिझेल एसयूव्ही मडगावला उभीच राहणार होती. ते म्हणाले, "वहिनी, शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीत काही कळत नाही. घेऊन जा, सगळ्यांना घेऊन हिंडा, मग ठरवा." गाडीचं नाव इथे देत नाही, कारण आम्हाला जे जाणवलं ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना कमी-जास्त लागू आहे.

पहिल्या दिवशी आमोण्याच्या पुलावरून खांडोळा, माशेल, बाणस्तारी करत मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा आणि शेवटी कवळ्याची शांतादुर्गा. निघतानाच खरी परीक्षा झाली. आईंचा उजवा गुडघा दुखरा आहे. त्यांनी दाराच्या आतली मूठ धरली, डावा पाय वर ठेवला आणि तिथेच थांबल्या. उजवा पाय जमिनीवरून उचलेना. बसायची जागा त्यांच्या कमरेच्या वर. बाबांनी आत जाऊन स्वयंपाकघरातला लाकडी पाट आणला आणि दाराखाली ठेवला. त्यावर एक पाय, मग गाडीत दुसरा, अशा त्या बसल्या. पुढचे चार दिवस तो पाट आमच्याबरोबर हिंडला. मंगेशीच्या पार्किंगमध्ये, कवळ्याच्या तळीजवळ, प्रत्येक ठिकाणी आधी मुलगा उतरायचा, पाट मांडायचा आणि मग आजी. म्हणून कळकळीने सांगते, घरात वयस्कर माणूस असेल तर इंजिन आणि स्क्रीन बघायच्या आधी त्यांना शोरूममध्ये न्या आणि तीन वेळा चढायला-उतरायला लावा. एकदा कोणीही चढतं, त्रास उतरताना होतो. बाजूची पायरी नंतर बसवून मिळते, पण तिची उंची आणि रुंदी त्यांच्याच पायाने तपासून घ्या.

मंगेशीला सकाळी आठच्या आत पोचलात तर गाडी सावलीत लागते. दहानंतर पर्यटकांच्या बस येतात आणि एवढी लांब गाडी वळवताना घाम फुटतो.

मधल्या रांगेबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहीन. दोन वेगळ्या खुर्च्या, हात टेकायला जागा, आणि गार हवा सोडणारी बैठक. बाबांच्या पाठीला घामोळं येतं. तांबडी सुर्लाहून भर दुपारी परतताना ते पहिल्यांदाच म्हणाले, "पाठ कोरडी आहे." सनरूफपेक्षा ही सोय शंभर पटींनी उपयोगाची आहे. सनरूफचा पडदा आम्ही चारही दिवस लावूनच ठेवला. आपल्या उन्हात तो उघडतो कोण? आणि मुलांना त्यातून बाहेर उभं करणं मला मुळीच मान्य नाही.

तिसऱ्या रांगेत मी स्वतः डिचोली ते फोंडा बसून गेले. गुडघे छातीशी येतात. मुलं मापात बसतात, पण तिसऱ्या दिवशी करमल घाटात, काणकोणला जाताना, मुलीला मळमळायला लागलं. मागची खिडकी लहान, बाहेरचं दिसत नाही, आणि मागच्या चाकावर बसल्यामुळे वळणं जास्त जाणवतात. तिला मधे घेतलं आणि मी मागे गेले, तेव्हा ती सावरली. सगळ्या जागा उघडल्यावर डिकीत दोन मध्यम बॅगा आणि पाण्याचा कॅन एवढंच मावलं. गाडी बघायला जाताना घरच्या बॅगा खरोखर बरोबर न्या.

तांबडी सुर्लाचा रस्ता मोलेच्या बाजूने साकोर्ड्यातून जातो. शेवटचा टप्पा दाट झाडीचा आणि अरुंद आहे. कदंबकाळातलं, बेसाल्ट दगडातलं ते महादेवाचं देऊळ बघून आई अर्धा तास नुसत्या बसून होत्या. तिथे जेवणाची सोय धरू नका, पाणी आणि डबा न्या, आणि माकडांसमोर डबा उघडू नका. याच रस्त्यावर रुंदीचा हिशेब पहिल्यांदा कळला. समोरून दुधाची पिकअप आली आणि एक चाक मातीत उतरवावं लागलं. आकडे बघा: वॅगनआर १६२० मिलिमीटर रुंद, एर्टिगा १७३५, किया कॅरेन्स १८००, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस १८५०, फॉर्च्युनर १८५५, एक्सयूव्ही ७०० १८९०, सफारी १९२२. हे सगळे आरसे सोडून. कागदावर फरक वीतभराचा दिसतो, वाड्यावरच्या रस्त्यात तोच पुरून उरतो. काणकोणला मावशीच्या घराकडे वळताना दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आहेत. आरसे मिटले, कॅमेऱ्यात चारही बाजू दिसत होत्या, तरी मागचं डावं दार घासलं. चूक माझीच, वळण लवकर घेतलं. दाराच्या रंगकामाला सहा हजार गेले. गाडी ठरवण्याआधी घरचं फाटक आणि नेहमी जातो त्या दोन-चार नातेवाइकांच्या वाटा टेपने मोजा. पाळोळेला गेलात तर गाडी मुख्य रस्त्याकडेच लावून चालत जा, समुद्राकडच्या गल्लीत घुसू नका.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बाणस्तारीच्या बाजारात स्कूटर आडवी आली तेव्हा अचूक लागली, आणि एकदा कारण नसताना लागली तेव्हा मागचा ट्रक जेमतेम थांबला. पट्टे आखलेल्या महामार्गावर ती ठेवावी, गावात लेन धरणारा भाग बंद करावा. सुरक्षेवर मी पैसे वाचवणार नाही. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून त्यांच्या सुरक्षेला तारे देणारी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यातले तारे तर बघाच, पण मुलांसाठीचे गुण वेगळे दिलेले असतात तेही वाचा. तिसऱ्या रांगेतल्या प्रत्येक जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे का, हे हाताने ओढून बघा.

चौथ्या दिवशी साखळीहून चोर्ला घाट, सहा माणसं आणि एसी चालू. चढावर डिझेलने जराही दम टाकला नाही, ओव्हरटेक करताना भीती वाटली नाही. चार दिवसांत ४८० किलोमीटर झाले आणि लिटरला साधारण १२ पडले. पण माझं रोजचं जाणं साखळीपर्यंत, सात-आठ किलोमीटर. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या, डिझेलचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला काही वेळ सलग वेगात चालवावं लागतं. रोज एवढ्याच अंतरात गाडी बंद होत राहिली तर तो तुंबतो. ज्यांचं चालवणं असंच तुकड्या-तुकड्यांचं आहे त्यांनी पेट्रोल किंवा हायब्रीडचा (पेट्रोल इंजिनाला बॅटरीच्या मोटरची जोड) विचार करावा.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि सेस मिळून असलेला ५० टक्के कर ४० टक्के झाला, त्यामुळे किमती उतरल्या हे खरं. तरी २० लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलं तर हप्ता ३२ हजारांच्या वर जातो आणि नुसतं व्याज सात लाखांच्या आसपास. विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. आम्ही डायरी काढून मोजलं. गेल्या वर्षी आम्ही सहाही जण एकत्र बाहेर पडलो ते अकरा दिवस. टॅक्सीला दिवसाला पाच हजार धरले तर ५५ हजार, म्हणजे दोन हप्त्यांचेही पैसे नाहीत.

ह्यांचं म्हणणं वेगळं आहे: गाडी दारात नसते म्हणून आपण अकराच दिवस जातो. त्यात तथ्य आहे. आई कवळ्याला चार वर्षांनी गेल्या, आणि शांतादुर्गेसमोर त्यांचे डोळे भरले ते मी पाहिलं. त्याची किंमत हप्त्यात मोजता येत नाही, आणि म्हणूनच सहा जागांची गाडी हवी हे आता नक्की झालं आहे. मात्र वरच्या मॉडेलचे चार-पाच लाख आम्ही देणार नाही. सहा एअरबॅग, ऑटोमॅटिक गिअर आणि मागच्या रांगेला एसी असलेलं मधलं मॉडेल पुरे. पंचवीस लाखांची उंच एसयूव्ही यादीतून काढली. कॅरेन्स आणि हायक्रॉस या दोन गाड्या तेवढ्या उरल्या.

येत्या शनिवारी आईंना घेऊन दोन्ही बघायला जातोय. पाट नेणार नाही. त्या स्वतःच्या पायाने चढल्या आणि उतरल्या तरच दराचं बोलणं काढायचं, असं बाबांनी बजावून ठेवलं आहे.