तिसरी रिक्वेस्ट थेट आली तर?

विसरलेला पासवर्ड बदलून देणारी नवी सेवा आम्ही लिहायला घेणार होतो. कोडची एक ओळही झालेली नव्हती, फळ्यावर फक्त चौकोन आणि बाण होते. पायरी एक, मोबाइल नंबर द्या. पायरी दोन, आलेला सहा अंकी ओटीपी भरा. पायरी तीन, नवा पासवर्ड द्या. अर्ध्या तासात उरकेल असं वाटलेली बैठक संध्याकाळपर्यंत चालली, आणि ती चालली हे फार बरं झालं.

आमची पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक बाणापाशी थांबायचं आणि विचारायचं: यावरून काय येतं, ते कोण पाठवू शकतं, आणि पलीकडचा चौकोन त्यातलं काय न तपासता खरं मानतो? तिसऱ्या बाणावर दोनच गोष्टी होत्या, मोबाइल नंबर आणि नवा पासवर्ड. ओटीपी बरोबर भरल्याशिवाय तिसऱ्या स्क्रीनवर कुणी पोचणारच नाही, असं धरून चाललो होतो. पण सर्व्हरला स्क्रीन दिसत नाही, त्याला दिसते ती रिक्वेस्ट, म्हणजे नेटवरून आलेली मागणी. कुणीही दुसऱ्याचा नंबर घालून तिसरी रिक्वेस्ट थेट पाठवली असती, की त्या माणसाचं खातं गेलं.

कोड रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्याने कोड वाचून तपासताना, अशी चूक सहज निसटते. तिन्ही फंक्शन सुटी वाचली तर तिन्ही बरोबर असतात. चूक असते ती सांध्यात, आणि सांधा कुठल्याच एका फाइलमध्ये नसतो. टेस्टही एक, दोन, तीन याच क्रमाने लिहिल्या जातात, म्हणून त्या हिरव्याच, म्हणजे पास, राहतात. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने वेब अ‍ॅप्समधल्या मोठ्या धोक्यांच्या 2021च्या यादीत असुरक्षित डिझाइन हा वेगळा वर्ग केला, तो याच जातीच्या चुकांसाठी.

दुरुस्ती फळ्यावरच झाली. ओटीपी जुळला की सर्व्हर 32 बाइटचं यादृच्छिक टोकन, म्हणजे ओळख पटल्याची खूण, देतो. डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ टोकन उलट काढता येत नाही असा ठसा), खात्याचा आयडी आणि दहा मिनिटांची मुदत जाते. तिसऱ्या रिक्वेस्टमधून मोबाइल नंबर काढूनच टाकला. पासवर्ड कुणाचा बदलायचा हे टोकनच्या नोंदीवरून कळतं. जे फील्ड येतच नाही, त्यावर चुकून विश्वास ठेवायचा प्रश्नच उरत नाही.

टोकन एकदाच चालायला हवं, आणि इथे आणखी एक खाच होती. आधी 'वापरलं आहे का' वाचायचं आणि मग 'वापरलं' असं लिहायचं, असं केलं तर एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्टना 'नाही' हेच उत्तर मिळतं. म्हणून डेटाबेसमध्ये 'अजून वापरलं नसेल तरच वापरलं असं लिही' अशी अट घातलेला एकच अपडेट चालवायचा आणि बदललेल्या ओळींची संख्या 1 आली तरच पुढे जायचं. पासवर्ड बदलला की त्या खात्याची सगळी चालू सेशन, म्हणजे आधीपासून उघडी असलेली लॉगिन, रद्द.

सगळ्यात जास्त वेळ ओटीपीच्या मर्यादेवर गेला. सहा अंक म्हणजे 10 लाख शक्यता. बंधन नसेल आणि ओटीपी बदलत नसेल, तर सेकंदाला 100 प्रयत्नांनी त्या सगळ्या पावणेतीन तासांत संपतात. पाच चुकांनंतर ओटीपी बाद, हे सुरुवातीलाच ठरलं. पण 'पुन्हा पाठवा' दाबलं की मोजणी शून्यावर यायची, म्हणजे बंधन नावालाच. म्हणून एका खात्याला तासाला तीनच ओटीपी. त्यामुळे दिवसाला जास्तीत जास्त 360 प्रयत्न. मोजणी आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर नाही, खात्यावर, कारण आयपी बदलता येतो. तरी दोन लाख खात्यांवर पाच-पाच प्रयत्न केले तर सरासरी एक ओटीपी लागतोच! त्यासाठी संपूर्ण सेवेतल्या चुकांची वेगळी मोजणी आणि इशारा ठेवला. मर्यादा ओलांडली तर फक्त पासवर्ड बदलणं थांबतं, लॉगिन चालू राहतं. नाहीतर कुणीही कुणाचंही खातं बंद पाडू शकेल.

ओटीपीचा नुसता हॅश साठवू नये, हे इथे मुद्दाम सांगतो. सगळ्या 10 लाख शक्यतांचे हॅश काढून जुळवून बघायला साध्या लॅपटॉपलाही क्षणभरच लागतो. डेटाबेसबाहेर ठेवलेल्या किल्लीने एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली मिसळलेला हॅश, काढावा. वरच्या 32 बाइटच्या टोकनला मात्र साधा एसएचए-256 हा नेहमीचा हॅश पुरतो, कारण तिथे अंदाज बांधणंच शक्य नाही.

पहिल्या पायरीत दिलेला नंबर नोंदलेला असो वा नसो, उत्तर एकच द्यायचं, आणि एसएमएस जाण्याची वाट न बघता तो रांगेत टाकायचा. नाहीतर उत्तराला लागलेल्या वेळावरूनच नंबर आहे की नाही हे कळतं.

कोडच्या आधी तीन टेस्ट लिहिल्या. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी. एकाचं टोकन आणि सोबत दुसऱ्याचा नंबर, ज्यात दुसऱ्याच्या खात्याला धक्का लागता कामा नये. आणि एकच टोकन घेऊन एकाच वेळी सुटलेल्या 50 रिक्वेस्ट, ज्यांतली नेमकी एक यशस्वी व्हायला हवी.